पाळणा आणि घड्याळ



तान्हे मूल रडू लागले की त्याला उचलून घ्यावे, की रडू द्यावे? प्रश्न दिसायला लहान आहे. परंतु ज्या घरात पाळणा हलतो त्या घरात तो दिवसातून दहा वेळा उभा राहतो. आजी म्हणते, ‘घे गं सूनबाई त्याला, घशाला कोरड पडली असेल.’ आजोबा म्हणतात, ‘घेऊ नका, मांडीची सवय लागेल.’ आणि आई बिचारी दोघांच्या मध्ये उभी असते. तिच्या हातांनी निर्णय केव्हाच घेतलेला असतो, पण मन मात्र विचारीत असते की, आपण त्याला बिघडवीत तर नाही ना?

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिका, इंग्लंड आणि न्यूझीलंड या देशांत या प्रश्नाला एक निश्चित, निःशंक आणि छापील उत्तर मिळाले. ‘घेऊ नये’ असे ते उत्तर होते. ते उत्तर देणारी माणसे निर्दय नव्हती. त्यांतली बहुतेक मोठी परोपकारी आणि लहान मुलांच्या कळवळ्याने झिजलेली माणसे होती. मग त्यांनी असा सल्ला का दिला, आणि लक्षावधी मातांनी तो मनावर दगड ठेवून का पाळला, याचा थोडा विचार आज आपण करू.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मुलाला वळण लावण्याचा आरंभ कोणत्या वयापासून करावा, याविषयी प्रत्येक समाजाची काही एक धारणा असते. आपल्याकडे चाणक्याच्या नावावर चालणारे एक सुभाषित सर्वश्रुत आहे. पहिली पाच वर्षे मुलाचे लालन करावे, पुढील दहा वर्षे ताडन करावे आणि सोळावे वर्ष लागले म्हणजे त्याच्याशी मित्राप्रमाणे वागावे, असा त्याचा आशय. त्यातल्या मधल्या दहा वर्षांचा अर्थ आपल्या पंतोजींनी जरा अधिकच उत्साहाने लावला, हे खरे. तरी पहिली पाच वर्षे तेथे अभयाची मानलेली आहेत, हे विसरता येत नाही.

पश्चिमेकडील धर्मनिष्ठ घरांत अशी सूट नव्हती. मूल जन्मतःच हट्टी आणि पापप्रवण असते, म्हणून त्याची इच्छा जितकी लवकर मोडावी तितके त्याचे कल्याण, अशी तेथील एक जुनी श्रद्धा होती. मेथॉडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ले यांच्या मातोश्री सुसाना वेस्ले यांनी १७३२ साली मुलाला लिहिलेल्या पत्रात आपली रीत सांगितली आहे. त्यांच्या घरात मूल वर्षाचे होताच त्याला छडीचा धाक बाळगायला आणि रडायचे झाल्यास हळू रडायला शिकवीत असत.

विसाव्या शतकातील नव्या सल्लागारांनी ही छडी खाली ठेवली, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. मूल पापी असते ही भाषा त्यांनी टाकून दिली. मारहाणीने मुले सुधारत नाहीत असे त्यांतील अनेकांनी स्पष्ट सांगितले. परंतु छडी ठेवून त्यांनी हातात काही घेतलेच नाही असे नव्हे. त्यांनी घड्याळ हाती घेतले.

या घड्याळाचा जन्म ज्या दुःखातून झाला ते दुःख खरे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कसारख्या शहरांत उन्हाळा आला की लहान मुलांच्या मृत्यूंची लाट येई. दूरच्या गोठ्यांतून येणारे दूध बर्फावाचून, उघड्या भांड्यांतून तासन्‌तास प्रवास करी. दाटीच्या वस्तीत ते बाटलीत भरले जाई. आणि हगवणीने चार दिवसांत मूल हातचे जाई. नेथन स्ट्राउस या व्यापाऱ्याने १८९३ साली न्यूयॉर्कमध्ये गरिबांच्या मुलांसाठी जंतुरहित केलेल्या दुधाची केंद्रे उघडली, ती या कारणाने. पुढे १९१५ च्या सुमारासही अमेरिकेतील ज्या राज्यांत जन्ममृत्यूंची नीट नोंद होत असे, तेथे जन्मणाऱ्या दर १,००० मुलांपैकी सुमारे १०० मुले वर्षाच्या आत मरण पावत. दहांत एक! म्हणजे ज्या आळीत दहा पाळणे हलत, त्यांतला एक वर्ष सरण्यापूर्वी रिकामा होत असे.

अशा काळात न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमधील डॉ. ल्यूथर एमेट होल्ट यांनी १८९४ साली ‘द केअर अँड फीडिंग ऑफ चिल्ड्रेन’ हे लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. मुळात ते मुले सांभाळणाऱ्या दायांच्या शिक्षणासाठी होते. म्हणून त्याची रचना प्रश्नोत्तरांची आहे. प्रश्न एका ओळीचा, उत्तर दोन-तीन ओळींचे. शंकेला जागा नाही. दूध कसे तापवावे, बाटली कशी धुवावी, किती तासांनी किती द्यावे, हे सारे त्यात मापून दिलेले आहे. या सूचनांनी अनेक मुले वाचली असतील यात संशय नाही, आणि म्हणूनच ते पुस्तक घराघरांत पोचले.

पण तीच निश्चित, मापाची भाषा दुधावर थांबली नाही. निरोगी मुलाने रोज किती रडावे? पंधरा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत रडणे अधिक नव्हे. तो त्याचा व्यायामच आहे. मुलाशी खेळावे काय? सहा महिन्यांच्या आत मुळीच नाही, आणि नंतरही जितके थोडे तितके बरे. मुलाचे चुंबन घ्यावे काय? शक्यतो नाही, कारण त्यातून क्षय आणि घटसर्प यांसारखे रोग पसरतात. आणि ज्या मुलाला केवळ सवयीने किंवा संतापाने रडण्याची खोड आहे त्याचे काय करावे? त्याला रडून मोकळे होऊ द्यावे. पहिल्या खेपेस तास लागेल, क्वचित दोन-तीन तासही लागतील; दुसऱ्या खेपेस दहा-पंधरा मिनिटे पुरतील; तिसरी वेळ बहुधा येणारच नाही.

हे शेवटचे उत्तर जरा लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. डॉक्टर जे सांगतात ते घडतेच. तीन तास रडूनही कोणी आले नाही तर मूल रडायचे थांबते. परंतु ते का थांबते? त्याला शिस्त लागली म्हणून, की हाक मारून उपयोग नाही हे त्याला कळले म्हणून? पाळण्याबाहेर उभे राहून ऐकणाऱ्याला दोन्ही शांतता सारख्याच वाटतात. त्या पुस्तकात हा प्रश्न विचारलेलाच नाही.

यामागची विचारसरणी मात्र तर्कशुद्ध होती. शिस्त म्हणजे सवय. सवय म्हणजे पुनरावृत्ती. मग ती पहिल्या दिवसापासून का लावू नये? रडले की दूध मिळते असे मुलाला कळले तर ते रडण्याचा हुकूम म्हणून उपयोग करील. तेव्हा दूध भुकेला नव्हे, घड्याळाला अनुसरून द्यावे. शौचाची वेळही ठरवून द्यावी, आणि हे शिक्षण तिसऱ्या महिन्यापासूनच सुरू करावे! अंगठा चोखणे ही वाईट खोड. ती मोडण्यासाठी बाहीचे टोक हातावरून ओढून टाचणीने बंद करावे. अशा रीतीने ज्या वयात मुलाला अजून आपली मान सावरता येत नाही, त्या वयात त्याचे चारित्र्य घडविण्याचे काम सुरू झाले.

पुढे या मताला सरकारी मुद्रा मिळाली. १९१२ साली अमेरिकन सरकारने चिल्ड्रन्स ब्यूरो नावाचे स्वतंत्र खाते स्थापन केले आणि त्याच्या प्रमुखपदी ज्युलिया लॅथ्रॉप या समाजसेविकेची नेमणूक झाली. या खात्याने १९१४ साली ‘इन्फंट केअर’ ही पुस्तिका काढली. तिच्या लेखिका मेरी मिल्स वेस्ट स्वतः पाच मुलांची आई होत्या. पुढील अनेक दशके या पुस्तिकेच्या आवृत्त्या निघत राहिल्या. एकाकी शेतवाड्यांवर राहणाऱ्या, जवळ ना डॉक्टर ना सासू-आई अशा स्त्रियांना ही पुस्तिका म्हणजे मोठाच आधार वाटे. अशा हजारो स्त्रियांनी या खात्याला पत्रे लिहिली आणि खात्यातील स्त्रियांनी त्यांना आपुलकीने उत्तरेही पाठविली.

या पुस्तिकेतही रडले की उचलले जाणारे मूल घरातला लहानसा जुलमी राजा बनते आणि आईला गुलाम करून सोडते, असा इशारा आहे. आईबापांनी मुलाशी खेळू नये, हा नियम कठोर वाटला तरी सुरक्षित आहे, असेही तीत म्हटले आहे. तथापि यातली दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या बाईला विहिरीचे पाणी, चूल, धुणे, गोठा आणि चार मुले एकटीने पाहायची आहेत, तिला ठरल्या वेळी निजणारे मूल हे वरदानच होते. वेस्टबाईंना आईच्या कष्टांची जाणीव होती. मुलाच्या नियमितपणातून आईला थोडा विसावा मिळावा, हाही त्यांचा हेतू होता. घड्याळाच्या बाजूने जे काही बोलण्यासारखे आहे, त्यात हा मुद्दा सर्वांत वजनदार आहे.

याच सुमारास न्यूझीलंडमध्ये डॉ. ट्रूबी किंग यांनी हेच कार्य केले. ते एका मनोरुग्णालयाचे अधीक्षक होते. त्यांच्या प्रेरणेने १९०७ साली ड्यूनेडिन येथे जी संस्था निघाली ती पुढे प्लंकेट सोसायटी या नावाने प्रसिद्ध झाली. तिच्या परिचारिका घरोघर जाऊन मातांना शिकवीत. आईचेच दूध द्या, खिडक्या उघड्या ठेवा, स्वच्छता पाळा, हा किंग यांचा उपदेश अमोल होता. परंतु त्याच्याच जोडीला दर चार तासांनी दूध, रात्री मुळीच नाही आणि कुरवाळणे बेताचे, हीही आज्ञा होती. न्यूझीलंडमधील युरोपीय वंशाच्या लोकांतील बालमृत्यूंचे प्रमाण जगात अत्यंत कमी असे होते आणि त्याचे श्रेय किंग यांना मिळाले. वास्तविक ते प्रमाण आधीपासूनच उतरू लागले होते आणि त्याला इतरही कारणे होती. पण यशाच्या प्रकाशात प्रत्येक नियम सारखाच सिद्ध वाटू लागतो. कोणत्या नियमाने मूल वाचले आणि कोणता नुसताच त्याच्याबरोबर चालत आला, हे कोणी निवडून पाहत नाही.

येथपर्यंतचे बहुतेक सल्लागार निदान वैद्य होते. यापुढची पायरी मानसशास्त्राची. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील प्राध्यापक जॉन वॉटसन यांनी १९१३ साली वर्तनवादाचा पुरस्कार केला. मनात काय चालते ते सोडून द्या. जे दिसते आणि मोजता येते तेवढेच शास्त्र, असे त्यांचे म्हणणे. १९२० साली त्यांनी आणि त्यांच्या सहकारी रोझॅली रेनर यांनी एका प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ज्याला ते ‘अल्बर्ट’ म्हणत, अशा सुमारे अकरा महिन्यांच्या मुलापुढे पांढरा उंदीर आणून त्याच वेळी त्याच्या पाठीमागे पोलादी दांड्यावर हातोडा आपटला. असे काही वेळा केल्यावर, पूर्वी उंदराला न भिणारे ते मूल नुसता उंदीर पाहून रडू लागले. भीती शिकवता येते, हे सिद्ध झाले. ती भीती पुन्हा घालविण्याचे मात्र राहून गेले, कारण तत्पूर्वीच ते मूल तेथून नेण्यात आले.

वॉटसन त्याच वर्षी विद्यापीठातून बाहेर पडले आणि जाहिरातीच्या धंद्यात शिरले. १९२८ साली त्यांनी आईबापांसाठी ‘सायकॉलॉजिकल केअर ऑफ इन्फंट अँड चाइल्ड’ हे पुस्तक लिहिले. आईच्या अतिरिक्त प्रेमाचे धोके सांगण्यासाठी त्यात एक स्वतंत्र प्रकरण आहे. मुलाला कवटाळू नका, मांडीवर घेऊ नका. अगदीच राहवले नाही तर रात्री निजताना एकदा कपाळाचे चुंबन घ्या आणि सकाळी हस्तांदोलन करा! फार अवघड काम त्याने उत्तम केले तर डोक्यावर थाप मारा. आपल्याकडच्या एखाद्या आजीला हे वाचून दाखविले तर ती विचारील, ‘हे पोर वाढवायचे आहे की कचेरीतला कारकून?’

सांगण्यासारखी गोष्ट अशी की, या पुस्तकाविषयी शंका प्रथम वॉटसन यांच्याच घरात उमटली. रोझॅली रेनर पुढे त्यांच्या पत्नी झाल्या आणि दोन मुलांच्या माता झाल्या. १९३० साली एका मासिकात लिहिताना, पतीच्या सगळ्या नियमांशी आपले मन जुळत नाही, हे त्यांनी हलक्याफुलक्या शब्दांत पण स्पष्टपणे सांगितले. आणि १९३६ साली आत्मवृत्त लिहिताना खुद्द वॉटसन यांनीही, या पुस्तकाबद्दल आपल्याला खेद वाटतो, कारण हवे होते तसे पुस्तक लिहिण्याइतके ज्ञान आपल्यापाशी नव्हते, असा कबुलीजबाब दिला. हा प्रांजळपणा दुर्मिळ आहे. परंतु त्यापूर्वी आठ वर्षे ते पुस्तक वाचून ज्या मातांनी आपले हात आवरले, त्यांच्यापर्यंत ही कबुली कितीशी पोचली असेल?

आता या सगळ्याचा हिशेब मांडू. पहिली पायरी स्वच्छ दुधाची. तेथे पुरावा होता. मुले मरत होती आणि स्वच्छतेने ती वाचत होती. दुसरी पायरी वेळेवर दुधाची. तेथे पुरावा कच्चा होता. आज जागतिक आरोग्य संघटना नेमके उलट सांगते: बाळाला भूक लागेल तेव्हा, दिवसा असो की रात्री, पाजावे. तिसरी पायरी वेळेवर प्रेमाची. तेथे पुरावा मुळीच नव्हता. फक्त पहिल्या पायरीवर मिळविलेला अधिकार होता. ज्याने माझ्या शेजारणीचे मूल हगवणीतून वाचविले, तो डॉक्टर ‘मुलाला मांडीवर घेऊ नका’ म्हणाला तर त्याचे का ऐकू नये? मातेच्या या साध्या विश्वासावरच तो सारा डोलारा उभा होता. एका प्रांतात कष्टाने मिळविलेला अधिकार दुसऱ्या प्रांतात उसना वापरला गेला. ती उसनवारी देणाऱ्यालाही कळली नाही आणि घेणाऱ्यालाही कळली नाही.

याचे उत्तर पुढे प्रयोगशाळेतूनच आले. १९५८ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे हॅरी हार्लो यांनी आईपासून दुरावलेल्या माकडाच्या पिलांपुढे दोन खोट्या आया ठेवल्याचा वृत्तान्त सांगितला. एक उघड्या तारेची आणि दुसरी मऊ कापडाने मढविलेली. तारेच्या आईपाशी दुधाची बाटली असली तरी पिले तेथे दूध पिण्यापुरतीच जात, आणि उरलेला सारा वेळ कापडाच्या आईला बिलगून राहत. भ्याली की तिकडेच धावत. तो प्रयोगही त्या पिलांच्या दृष्टीने निर्दयच होता. परंतु दूध ही एक गरज आणि ऊब ही दुसरी, पहिलीच्या मापाने दुसरी मोजता येत नाही, हे त्याने सर्वांच्या डोळ्यांपुढे मांडले. तोवर बालसंगोपनाची भाषाही पालटली होती. ‘इन्फंट केअर’च्या १९४२ च्या आवृत्तीत मुलाशी खेळणे हे पाप राहिले नव्हते, आणि १९४६ साली डॉ. बेंजामिन स्पॉक यांनी आपल्या गाजलेल्या पुस्तकाचा आरंभच आईला स्वतःवर विश्वास ठेवायला सांगून केला.

शिस्तीचा विचार घड्याळावाचून करणारा एक प्रवाह मात्र याच काळात वाहत होता. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. त्यांची मुले तान्ही नव्हती, तीन ते सहा वर्षांची होती. तरी प्रश्न तोच होता. माँटेसरींनी आधी नियम केले नाहीत. आधी मुलांकडे पाहिले. मनाजोगे काम हाती आले की चंचल म्हटलेले मूल तासभर एकाग्र होते, हे त्यांना दिसले. शिस्त ही बाहेरून लादायची वस्तू नसून आतून उगवणारी शक्ती आहे, हा त्यांचा निष्कर्ष या पाहण्यातून निघाला. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी ही दृष्टी आपलीशी केली. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी ती महाराष्ट्रात आणली, आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथे आदिवासींच्या अंगणापर्यंत नेली. अंगणातच शाळा भरविण्याची त्यांची कल्पना म्हणजे मुलाला शिस्तीकडे ओढण्याऐवजी शिस्तीनेच मुलाच्या दाराशी जाण्याचा प्रकार होय.

मात्र हे ऐकून आपण फार फुशारून जाण्याचे कारण नाही. आपल्या घरांत आजीची मांडी होती, अंगाई होती, न्हाऊमाखू घालणारे हात होते. पण ज्या काळात अमेरिकेत दहांत एक मूल दगावत होते, त्याच काळात आपल्या देशात पाचांत एक दगावत होते. मायेने हगवण थांबत नाही. उकळलेले पाणी आणि धुतलेले हात यांची शिकवण आपल्याला त्याच शास्त्राकडून घ्यावी लागली ज्याच्या घड्याळाला आपण आज हसतो. आणि छडीच्या बाबतीत तर आपल्या कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेस स्पष्ट मनाई केली ती २००९ साली!

तेव्हा जाणत्यांचा सल्ला घेऊ नये असे कोणी म्हणणार नाही. नियमितपणाही वाईट नव्हे. मुलांना ओळखीचा दिनक्रम आवडतो. आज तर सल्ला देणारे पुस्तकात राहिलेले नाहीत. ते आईच्या हातातल्या फोनमध्ये अहोरात्र बोलत असतात, आणि त्यांच्याही स्वरात होल्टसाहेबांची तीच निःशंकता असते. अशा प्रत्येक सल्लागाराला दोन प्रश्न विचारावेत. तुम्ही प्रत्यक्ष काय पाहिले आहे? आणि तुमचे पाहणे कोठे संपते आणि मत कोठे सुरू होते? दुधाबद्दल बोलणाऱ्याला दुधाबद्दल मान द्यावा. मायेबद्दल तो बोलू लागला की पुन्हा पहिल्यापासून पुरावा मागावा.

त्या काळातील कित्येक माता बंद दाराबाहेर घड्याळाकडे पाहत उभ्या राहिल्या असतील. आत मूल रडत होते आणि अजून वीस मिनिटे उरली होती. त्यांच्या प्रेमात काडीचेही उणे नव्हते. मूल जगावे, शहाणे व्हावे, एवढ्यासाठीच त्यांनी स्वतःला आवरले. ज्यांच्या शब्दाखातर आई आपले हात आवरते, त्यांची जबाबदारी फार मोठी असते. मुलाला वळण लावण्याच्या शास्त्रात हा धडा आईबापांसाठी जितका आहे, त्याहून अधिक तो उपदेश करणाऱ्यांसाठी आहे.